डेस्कटॉप अ‍ॅप बिल्ड करताना 'मॉड्यूल सापडत नाही': एकेक नाव जोडत बसायचं की मुळाशी जायचं?

भोसरीगाळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांसाठी एक अ‍ॅप आहे. वजनकाट्यावरून वजन घ्यायचं, एक्सेलमधली ऑर्डर वाचायची, मायएसक्यूएलमध्ये नोंद करायची आणि बारकोडसकट पीडीएफ चलन छापायचं, एवढंच काम. पायथॉन ३.१२, पायसाइड६, पांडाज, पायसिरियल, एसक्यूएलअल्केमी आणि रिपोर्टलॅब वापरलंय (अनुक्रमे खिडक्या, एक्सेल, काटा, डेटाबेस आणि पीडीएफसाठी). पायइन्स्टॉलरने विंडोजसाठी एक्सई बनवतो.

सोर्समधून चालवलं की सगळं नीट चालतं. एक्सई गिऱ्हाइकाच्या मशीनवर नेली की 'नो मॉड्यूल नेम्ड अमुक' येतं (मॉड्यूल म्हणजे इम्पोर्ट करून वापरायचा कोडचा तुकडा). ते नाव पायइन्स्टॉलरच्या --हिडन-इम्पोर्टमध्ये ('हेही आत घे' असं सांगणारा पर्याय) टाकलं की पुढच्या स्क्रीनवर दुसरं नाव. आंतरजालावर बहुतेक ठिकाणी हाच उपाय सांगतात: जे नाव दिसेल ते जोडा. मला हे पटत नाही. यादी वाढत जाते, त्यातलं कुठलं नाव कशासाठी आहे हे कोणाला सांगता येत नाही आणि काढायला हात धजत नाही. मुळात मॉड्यूल राहून का जातं आणि बिल्ड करतानाच ते कसं ओळखायचं, याची पद्धत हवी आहे. इलेक्ट्रॉन, जावावाल्यांनीही लिहावं.

---

शनिपार

आधी एररचा मजकूर शब्दशः वाचा. तीन वेगळ्या तक्रारी असतात आणि लोक तिन्हींना एकच औषध देतात.

'नो मॉड्यूल नेम्ड अमुक' म्हणजे पायथॉनला ते मॉड्यूल पॅकेटमध्ये मिळालंच नाही. 'डीएलएल लोड फेल्ड व्हाइल इम्पोर्टिंग अमुक' म्हणजे मॉड्यूल मिळालं, पण ते ज्या डीएलएलवर (विंडोजची सामायिक कोडची फाइल) उभं आहे ती नाही. इथे हिडन-इम्पोर्टचा काडीचा उपयोग नाही. बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल नसतं, किंवा ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झालेली असते. तिसरी तक्रार 'फाइल नॉट फाउंड' किंवा 'पॅकेज नॉट फाउंड एरर'. मॉड्यूल आहे, पण त्याची डेटा फाइल किंवा मेटाडेटा (पॅकेजचं नाव, आवृत्ती वगैरे) आलेला नाही. डेटासाठी --अ‍ॅड-डेटा किंवा --कलेक्ट-डेटा, मेटाडेटासाठी --कॉपी-मेटाडेटा.

तुमच्याकडे नेमके कोणते मजकूर येतात ते इथे टाका, मग बोलू.

---

मुळशीरोड

शनिपार यांच्याशी सहमत. त्यात भर: तपासणी चालू असेपर्यंत --वनफाइल (सगळं एकाच एक्सईत) वापरू नका. --वनडिर (एक्सई आणि शेजारी फोल्डर) ठेवा आणि कन्सोल चालू ठेवा. पायइन्स्टॉलर ६ पासून सगळा माल एक्सईशेजारच्या '_इंटर्नल' नावाच्या फोल्डरात पडतो. काय आलंय, काय नाही, ते बरंचसं डोळ्यांनी दिसतं. शुद्ध पायथॉनची मॉड्यूल्स मात्र तिथे दिसणार नाहीत, ती एक्सईच्या पोटातल्या आर्काइव्हमध्ये असतात. ती पाहायला पायइन्स्टॉलरसोबतच येणारं 'पीवायआय-आर्काइव्ह_व्ह्यूअर' आहे.

---

टिळकचौक

एवढी चिरफाड कशाला? प्रत्येक पॅकेजला --कलेक्ट-ऑल (त्या पॅकेजचं सगळंच आत घ्या) लावा आणि मोकळे व्हा. आजकाल डिस्क स्वस्त आहे, शंभर-दोनशे एमबी वाढले तर कोण विचारतंय.

---

शनिपार

@टिळकचौक, प्रश्न नुसता आकाराचा नाही. पायसाइड६ ला कलेक्ट-ऑल लावलं की वेबइंजिनसकट सगळं क्यूट (पायसाइड६ ज्यावर उभं आहे ती खिडक्यांची लायब्ररी) आत येतं. पांडाजला लावलं की त्याच्या चाचण्यांची मॉड्यूल्सही येतात, त्या चाचण्यांना लागणारी पॅकेजेस शोधण्याचा प्रयत्न होतो आणि तक्रारींची यादी इतकी लांबते की खरी तक्रार त्यात बुडते. शिवाय जे पॅकेज व्हेन्वमध्ये (प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथॉनमध्ये) इन्स्टॉलच नाही, ते कलेक्ट-ऑल कुठून आणणार? एखाद्या हट्टी पॅकेजपुरतं वापरा, सरसकट नको.

---

चिन्मयी_औंध

धागाकर्त्यांच्या 'का राहून जातं' या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पायइन्स्टॉलर तुमचा प्रोग्राम चालवून बघत नाही. तो कोडमधली इम्पोर्ट विधानं वाचतो, त्या मॉड्यूल्सच्या आतली विधानं वाचतो, असं करत करत झाड उभं करतो. त्यामुळे इम्पोर्ट फंक्शनच्या आत असलं, ट्राय-एक्सेप्टमध्ये असलं, तरी त्याला दिसतं. दिसत नाही ते हे: चालू प्रोग्रामने मजकुरातून नाव तयार करून 'इम्पोर्टलिब.इम्पोर्ट_मॉड्यूल'ला किंवा 'एक्झेक'ला दिलेलं मॉड्यूल. ते नाव बिल्डच्या वेळी अस्तित्वातच नसतं.

म्हणून राहून गेलेल्या मॉड्यूलच्या दोन जाती. पहिली: विधान दिसलं, पण बिल्डच्या व्हेन्वमध्ये पॅकेज नव्हतं. दुसरी: विधानच दिसलं नाही.

पहिल्या जातीसाठी पायइन्स्टॉलर दरवेळी एक फाइल लिहून ठेवतो आणि ती फारसं कोणी उघडत नाही. बिल्ड फोल्डरात अ‍ॅपच्या नावाचं उपफोल्डर, त्यात 'वॉर्न-' ने सुरू होणारी टेक्स्ट फाइल. प्रत्येक ओळीत न सापडलेलं मॉड्यूल, ते कोणी मागितलं आणि कंसात मागणीचा प्रकार. 'टॉप-लेव्हल' म्हणजे फाइलच्या सुरुवातीलाच मागितलं, या ओळी सर्वांत आधी बघायच्या. 'कंडिशनल' म्हणजे इफच्या आत, 'डिलेड' म्हणजे फंक्शनच्या आत, 'ऑप्शनल' म्हणजे ट्राय-एक्सेप्टमध्ये. विंडोजवर 'पीडब्ल्यूडी', 'जीआरपी', 'एफसीएनटीएल', 'पॉझिक्स' नेहमी दिसणार. ती युनिक्सची मॉड्यूल्स आहेत, सोडून द्या.

'डिलेड' मात्र सोडून देऊ नका. ती मॉड्यूल्स अ‍ॅप सुरू होताना लागत नाहीत, गिऱ्हाईक बटण दाबतं तेव्हा लागतात.

दुसरी जात या फाइलमध्ये कधीच येत नाही. 'वॉर्न फाइल स्वच्छ आहे म्हणजे बिल्ड पूर्ण आहे' हा समज तिथेच फसतो.

---

रास्तापेठ

चिन्मयी, प्रतिसाद आवडला. वाचनखूण साठवली.

---

भोसरीगाळा

फार उपयोगी माहिती. शनिपार, मजकूर असे आहेत. सगळे 'नो मॉड्यूल' जातीचे, एक सोडून:

ऑर्डर वाचताना: 'मिसिंग ऑप्शनल डिपेंडन्सी ओपनपायएक्सएल'.
लॉगिन करताना: 'नो मॉड्यूल नेम्ड पायमायएसक्यूएल'.
काही ठिकाणी काटा थेट सिरियल केबलने न जोडता इथरनेट कन्व्हर्टरवरून जोडलाय, तिथे पोर्ट उघडताना: 'प्रोटोकॉल सॉकेट नॉट नोन' अशा अर्थाचं काहीतरी. यूएसबीवरचा काटा चालतो.
चलन छापताना: 'नो मॉड्यूल नेम्ड रिपोर्टलॅब.ग्राफिक्स.बारकोड.कोड१२८'.

---

चिन्मयी_औंध

उत्तम, चारही नमुन्यादाखल चांगले आहेत. एकेक घेऊ.

ओपनपायएक्सएल पहिल्या जातीचं. पांडाज इन्स्टॉल केल्यावर ते आपोआप येत नाही, कारण ते ऐच्छिक आहे. तुमच्या रोजच्या पायथॉनमध्ये असणार आणि बिल्डच्या व्हेन्वमध्ये नसणार. व्हेन्वमध्ये इन्स्टॉल करा, पुरे. हिडन-इम्पोर्टची गरज नाही. वॉर्न फाइल बघा, ओळ तिथे असेल. गिऱ्हाइकं जुन्या .एक्सएलएस फाइल देत असतील तर एक्सएलआरडी पण लागेल. एक्सएलआरडी २.० पासून फक्त .एक्सएलएस वाचतं, त्यामुळे दोन्ही हवीत.

पायमायएसक्यूएल दुसऱ्या जातीचं. 'मायएसक्यूएल+पायमायएसक्यूएल' असं तुम्ही कनेक्शनच्या मजकुरात लिहिता, एसक्यूएलअल्केमी त्यावरून ड्रायव्हर शोधतं. पायइन्स्टॉलरच्या हुकमध्ये (ठरावीक पॅकेजेससाठीच्या तयार सूचनांमध्ये) काही ड्रायव्हर आधीपासून आहेत, हा नाही. हा जोडावा लागेल.

कन्व्हर्टरचं प्रकरणही दुसऱ्या जातीचं. 'सॉकेट://' ने सुरू होणारा पत्ता दिला की पायसिरियल 'सिरियल.यूआरएलहँडलर.प्रोटोकॉल_सॉकेट' हे नाव तिथल्या तिथे बनवून इम्पोर्ट करतं. साध्या कॉम पोर्टला हा रस्ता लागत नाही, म्हणून यूएसबीवाला काटा चालतो. हे एक नाव जोडा.

बारकोडसुद्धा तसंच. रिपोर्टलॅब मजकूर जुळवून इम्पोर्ट करतं. एकट्या कोड१२८ ला जोडलंत तर पुढचं नाव येईल, म्हणून इथे --कलेक्ट-सबमॉड्यूल्स रिपोर्टलॅब.ग्राफिक्स.बारकोड वापरा. छोटं पॅकेज आहे.

---

कर्वेरोडकर

हिडन-इम्पोर्टपेक्षा मी म्हणेन की सरळ मुख्य फाइलमध्ये 'इम्पोर्ट पायमायएसक्यूएल' अशी ओळ लिहा. उद्या पायइन्स्टॉलर सोडून नुइट्का घेतलंत तरी ती ओळ चालेल. नुइट्कालाही मजकुरातली नावं दिसत नाहीत, तिथे --इन्क्लूड-मॉड्यूल द्यावं लागतं.

---

मुळशीरोड

@कर्वेरोडकर, असहमत. न वापरलेला इम्पोर्ट लिंटर (कोड तपासणारं टूल) काढून टाकतो, किंवा सहा महिन्यांनी नवीन माणूस 'साफसफाई' म्हणून काढतो. स्पेक फाइलमध्ये (बिल्ड कसं करायचं ते सांगणारी पायइन्स्टॉलरची फाइल) हिडनइम्पोर्ट्सच्या यादीत लिहा आणि शेजारी टिप्पणी: कोण मागतं, कुठल्या स्क्रीनवर. स्पेक फाइल गिटमध्ये ठेवा. धागाकर्त्यांची 'कुठलं नाव कशासाठी' ही तक्रार टिप्पणीने मिटते.

एक लक्षात ठेवा, स्पेक फाइल तयार झाल्यावर बिल्ड त्या स्पेकवरूनच करायचं. परत .पीवाय फाइल दिली तर स्पेक नव्याने लिहिली जाते आणि हाताने केलेले बदल जातात.

---

कर्वेरोडकर

लिंटरचा मुद्दा मान्य, पण त्या ओळीला 'नोक्यूए' (लिंटरला 'ही ओळ सोड' सांगणारी) टिप्पणी लावता येते. चालायचंच.

---

हिंजवडी_फेज२

या सगळ्याच्या आधीची पायरी कोणी लिहिली नाही: पॅकेज इन्स्टॉल एका पायथॉनमध्ये आणि बिल्ड दुसऱ्याने. मशीनवर दोन-तीन पायथॉन असतात. 'पीवाय -०पी' दिलं की सगळे दिसतात. नुसतं 'पिप' (पॅकेज इन्स्टॉल करणारं टूल) आणि नुसतं 'पायइन्स्टॉलर' लिहू नका. 'पायथॉन -एम पिप इन्स्टॉल' आणि 'पायथॉन -एम पायइन्स्टॉलर' लिहा, म्हणजे दोन्ही एकाच पायथॉनची असतील. दर रिलीजला व्हेन्व पुसून नव्याने करा, रिक्वायरमेंट्स फाइलवरून भरा, मग 'पिप चेक' चालवा.

दुसरं, पॅकेजचं नाव आणि इम्पोर्टचं नाव वेगळं असतं. 'सीव्ही२' साठी ओपनसीव्ही-पायथॉन, 'पीआयएल' साठी पिलो, 'यॅमल' साठी पायवायएएमएल, 'डॉक्स' साठी पायथॉन-डॉक्स. धागाकर्त्यांसाठी खास: 'सिरियल' नावाचं एक वेगळंच पॅकेज आहे. ते इन्स्टॉल केलं तर इम्पोर्ट होतं, पण वजनकाट्याशी बोलायचं सिरियल ते नव्हे. पायसिरियलच हवं. आणि तुमच्याच फोल्डरात सिरियल.पीवाय नावाची फाइल नको, ती खऱ्या पॅकेजच्या आड येते.

कंपनीच्या प्रॉक्सीमागे असाल तर पिपला सर्टिफिकेट एरर येतो. --ट्रस्टेड-होस्ट देऊन तपासणी बंद करण्यापेक्षा कंपनीचं रूट सर्टिफिकेट पिपच्या कॉन्फिगमध्ये 'सर्ट' म्हणून द्या. जिथे इंटरनेटच नाही तिथे बाहेर 'पिप डाउनलोड -डी व्हील्स' करून फोल्डर न्यायचं आणि 'पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स व्हील्स'. डाउनलोड त्याच पायथॉन आवृत्तीने आणि विंडोजवरच करा, नाहीतर भलत्याच व्हील्स (तयार पॅकेज फाइल) येतात.

---

पर्वतीपायथा

पायथॉन ३.१२ आहे म्हणून: त्या आवृत्तीत 'डिस्टयूटिल्स' आणि 'इम्प' काढून टाकलेत. 'नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स' आलं तर तो पॅकेजिंगचा दोष नाही, कुठलं तरी जुनं पॅकेज ते मागतंय. शिवाय ३.१२ पासून नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही. आधी ते जुनं पॅकेज अद्ययावत करून बघा. नसेल होत तर सेटअपटूल्स घाला, ते स्वतःजवळचं डिस्टयूटिल्स पुरवतं.

---

सारसबाग

अवांतर: इलेक्ट्रॉन (जावास्क्रिप्टमध्ये डेस्कटॉप प्रोग्राम करायचं साधन).

तिथे 'कॅनॉट फाइंड मॉड्यूल' चं पहिलं कारण म्हणजे पॅकेज 'डेव्हडिपेंडन्सीज'मध्ये लिहिलेलं असतं. इलेक्ट्रॉन-बिल्डर फक्त 'डिपेंडन्सीज' उचलतो. इलेक्ट्रॉन स्वतः मात्र डेव्हमध्येच हवा.

दुसरं, नेटिव्ह मॉड्यूल्स. बेटर-एसक्यूलाइट३ सारखं मॉड्यूल तुमच्या नोडसाठी कंपाइल झालेलं असतं, इलेक्ट्रॉनच्या पोटातला नोड वेगळा. 'नोड_मॉड्यूल_व्हर्जन' चे दोन आकडे जुळत नाहीत असा एरर येतो. इलेक्ट्रॉन-रीबिल्ड चालवायचं, किंवा पोस्टइन्स्टॉलमध्ये 'इलेक्ट्रॉन-बिल्डर इन्स्टॉल-अ‍ॅप-डेप्स' टाकायचं. त्यासाठी विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ बिल्ड टूल्स आणि पायथॉन लागतं, कारण नोड-जिप तेच वापरतो.

तिसरं, फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर. विंडोजला चालतं, लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरला चालत नाही. आणि बिल्ड सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय. ते लॉक फाइलप्रमाणेच भरतं आणि जुळत नसेल तर थांबतं.

---

घाटमाथा

मग जावाही घ्या. जावाएफएक्स जेडीके ११ पासून वेगळं झालं, म्हणून 'मॉड्यूल जावाएफएक्स.कंट्रोल्स नॉट फाउंड' आलं तर जावाएफएक्सची मॉड्यूल्स आणून --मॉड्यूल-पाथ आणि --अ‍ॅड-मॉड्यूल्स द्यावं लागतं. जेलिंकने छोटं रनटाइम करताना कुठली मॉड्यूल्स लागतील ते जेडेप्स सांगतं, पण तिथेही तीच गोम: रिफ्लेक्शनने किंवा सर्व्हिस लोडरने (म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून) घेतलेलं जेडेप्सला दिसत नाही.

आपल्या कामाचं एक. जेलिंकच्या रनटाइममध्ये 'जेडीके.लोकेलडेटा' घातलं नाही तर एरर येत नाही, पण मराठी महिने आणि वारांची नावं गुपचूप इंग्रजीत छापली जातात. ते मॉड्यूल घाला आणि --इन्क्लूड-लोकेल्समध्ये इंग्रजी आणि मराठी एवढेच कोड द्या, म्हणजे जगभरच्या भाषा येणार नाहीत.

---

रास्तापेठ

एररशिवाय चुकीचं चालणं हे सगळ्यात वाईट. असंच क्यूटमध्ये जेपेग चित्रांचं होतं. 'इमेजफॉरमॅट्स' प्लगइन आलं नाही तर चित्राच्या जागी कोरा चौकोन, तक्रार काही नाही.

---

मुळशीरोड

क्यूटची ठळक तक्रार 'कुड नॉट लोड द क्यूट प्लॅटफॉर्म प्लगइन' ही. विंडोजवर 'प्लॅटफॉर्म्स' फोल्डरात क्यूविंडोज.डीएलएल आहे का ते बघा. 'क्यूटी_डीबग_प्लगइन्स' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केला की क्यूट कुठे कुठे शोधतंय ते सांगतं. लिनक्सवर क्यूट ६.५ पासून एक्ससीबी प्लगइनला 'लिबएक्ससीबी-कर्सर०' लागतं आणि उबुंटूवर ते हाताने इन्स्टॉल करावं लागतं.

व्हेन्वमध्ये पायसाइड६ आणि पायक्यूट५ दोन्ही ठेवू नका. अलीकडचा पायइन्स्टॉलर दोन्ही एका बिल्डमध्ये आले तर काम थांबवतो.

---

चाकण_फाटा

कारखान्यांतल्या काट्याशेजारच्या मशीन जुन्या असतात. विंडोज ७ असेल तर वर लिहिलेलं काहीच उपयोगी नाही. पायथॉन ३.९ पासून विंडोज ७ चालत नाही, क्यूट ६ ला विंडोज १० लागतं आणि पायसाइड६ ३२ बिटमध्ये मिळत नाही. तिथे पायथॉन ३.८ आणि पायसाइड२ किंवा पायक्यूट५ ची वेगळी शाखा करावी लागते. 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' ने सुरू होणारी डीएलएल नाही असा एरर आला तर युनिव्हर्सल सीआरटीचं अपडेट राहिलंय.

कुठल्या डीएलएलला कुठली डीएलएल हवी ते बघायला 'डिपेंडन्सीज' नावाचं मुक्त टूल वापरा. जुना डिपेंडन्सी वॉकर नवीन विंडोजवर एपीआय-सेटच्या डीएलएल उगाच हरवलेल्या दाखवतो.

---

टिळकचौक

कलेक्ट-ऑलचा माझा आग्रह मागे. वनफाइलचा मात्र नाही. गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवता येते, फोल्डर पाठवला की कोणीतरी नुसती एक्सई डेस्कटॉपवर ओढतं आणि फोन येतो.

---

शनिपार

फोनचा मुद्दा खरा आहे. त्यावर उत्तर इन्स्टॉलर: वनडिरचं फोल्डर इनो सेटअपमध्ये बांधा. गिऱ्हाइकाला फाइल एकच जाते, शॉर्टकट आपोआप होतो, रिडिस्ट्रिब्युटेबलही त्यातच चालवता येतं. वनफाइल प्रत्येक वेळी तात्पुरत्या फोल्डरात सगळं उलगडतं, म्हणून सुरू व्हायला वेळ लागतो आणि अँटिव्हायरसचा संशयही जास्त येतो. ते फोल्डर अ‍ॅप बंद झालं की पुसलं जातं. कोणी सेटिंगची फाइल एक्सईमधल्या मॉड्यूलशेजारी लिहीत असेल तर ती रोज गायब. सेटिंग्ज अ‍ॅपडेटामध्ये लिहा.

---

भोसरीगाळा

सगळ्यांचे आभार. व्हेन्व नव्याने केला. वॉर्न फाइलमध्ये ओपनपायएक्सएलची ओळ 'डिलेड' म्हणून होतीच, एक्सएलआरडीचीही होती. हिडनइम्पोर्ट्सची लांबलचक यादी काढून पायमायएसक्यूएल, प्रोटोकॉल_सॉकेट आणि बारकोडची सबमॉड्यूल्स एवढंच ठेवलं, प्रत्येकाशेजारी टिप्पणी. चारही एरर गेले. वनडिर आणि इनो सेटअपकडे वळतोय.

मूळ प्रश्नाचा अर्धा भाग राहतो. दुसऱ्या जातीचं मॉड्यूल वॉर्न फाइलमध्ये येत नाही, मग गिऱ्हाइकाआधी आपल्याला ते कसं कळावं?

---

चिन्मयी_औंध

कोड वाचून सगळं कळणार नाही, चालवूनच कळेल. म्हणून अ‍ॅपमध्येच '--सेल्फटेस्ट' असा स्विच ठेवा. तो दिला की खिडकी न उघडता ओळीने एवढं करायचं: सोबत दिलेली छोटी .एक्सएलएसएक्स आणि .एक्सएलएस वाचायची, मायएसक्यूएलचं इंजिन तयार करायचं (सर्व्हर नसला तरी चालेल, ड्रायव्हर तेवढ्यानेच लोड होतो), 'सॉकेट://' पत्ता स्वतःच्याच मशीनवर उघडून बघायचा, बारकोडसकट एक चलन तात्पुरत्या फोल्डरात छापायचं, जेपेग लोगो लोड करून त्याची रुंदी शून्य नाही ना ते तपासायचं. कनेक्शन नाकारलं गेलं तर ती चाचणी पास. मॉड्यूल नाही असं आलं तर नापास आणि एक्झिट कोड १. निकाल फाइलमध्ये लिहा. विंडोड (कन्सोल नसलेल्या) बिल्डमध्ये एसटीडीआउट 'नन' असतं, प्रिंट केलेलं कुठेच दिसत नाही.

हा स्विच सोर्सवर नाही, बांधलेल्या एक्सईवर चालवायचा आणि तोही पायथॉन नसलेल्या मशीनवर. विंडोज १० किंवा ११ प्रो असेल तर विंडोज सँडबॉक्स चालू करा, दर वेळी कोरी विंडोज मिळते. होम आवृत्तीत ते नाही, तिथे व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट ठेवा.

---

चाकण_फाटा

आणि काट्याची नवीन जोडणी आली, समजा 'आरएफसी२२१७://' वाला कन्व्हर्टर, तर सेल्फटेस्टमध्ये आधी त्याची ओळ घाला, मग कोड लिहा. प्रोटोकॉलचं प्रत्येक मॉड्यूल वेगळं आहे, 'सॉकेट' जोडल्याने 'आरएफसी२२१७' येत नाही.